अंदाजाची शिकवणी

चैत्र लागला की पुण्यातल्या वाड्यांच्या गच्च्यांवर आणि गिरगाव-दादरच्या चाळींच्या गॅलऱ्यांत पापडांचा घाट घातला जायचा. उडदाचं पीठ पापडखार, मिरी आणि हिंग घालून घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावत पाट्यावर वरवंट्याने कुटायचं, मऊ आलं की लांब वळ्या करायच्या आणि त्या वळ्यांच्या लाट्या दोऱ्याने कापायच्या. सुरी लावली तर लाटी चेपते. दोऱ्याचा फास देऊन ओढला की ती गोल राहते. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या हाती हा दोरा यायचा, आणि त्यांनी कापलेल्या लाट्यांपैकी काही तेलात बुडवून थेट तोंडात जायच्या. हे सगळ्यांना माहीत असायचं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही.

या कामाला एक चढती श्रेणी होती. आधी दोरा, मग वाळत घातलेल्या पापडांची कावळ्यांपासून राखण, मग पोळपाट-लाटणं. काठ पातळ आणि मध्य जाड राहिला तर पापड भाजताना मधे कच्चा राहतो, हे लाटणारीला शेजारीण टोमणा मारून शिकवायची. पीठ भिजवायचं काम मात्र घरातल्या किंवा चाळीतल्या सर्वांत जाणत्या बाईकडेच असायचं, कारण ते बिघडलं तर वर्षाची बेगमी बिघडली. सांडगे, कुरडया, शेवया यांचंही तेच. फी नाही, वेळापत्रक नाही, पण शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कोण ते पक्कं ठरलेलं. शिवाय इथे आजी, आई, काकू, भाची सगळ्या एकाच वेळी बसलेल्या असत.

पैसे भरून, वेळ ठरवून, अनोळखी बाईकडून स्वयंपाक शिकायचा ही कल्पना त्या मानाने अलीकडची. आणि तिचा इतिहास पाहताना एक गंमत लक्षात येते. क्लासात काय शिकवतात यापेक्षा काय शिकवत नाहीत, यावरून त्या काळच्या घरांची जास्त माहिती मिळते.

स्वयंपाक लिहून ठेवायची हौस मात्र फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मांडे आहेत, पुऱ्या आहेत, वडे आहेत, इडलीची पूर्वज इड्डरिकाही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त, म्हणजे आपले नवाथे, यांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं. ग्रंथ संस्कृत, पण पदार्थांची नावं जागोजागी मराठी. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलं. त्यांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने मराठीत लिहिले गेले आणि ती हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिकली. या ग्रंथांचा वाचक राजा, वैद्य किंवा पंडित. नव्या सुनेने चुलीपुढे बसून 'मानसोल्लास' उघडावा अशी त्यांच्या कर्त्यांची अपेक्षा नव्हती.

छापखाना आल्यावर वाचक बदलला. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून निघालं. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. लेखक पुरुष, हे त्या काळाला धरूनच होतं. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं आणि स्वयंपाकघरातली बाई स्वतः लेखिका झाली. हजार हा आकडा नावातच मिरवणारं हे पुस्तक पुढेही अनेक वर्षं घराघरांत वापरात राहिलं.

पुस्तक झालं, मग शाळा का झाली नाही? याचं उत्तर स्वयंपाकात कमी आणि स्त्रीशिक्षणाच्या भांडणात जास्त सापडतं. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेच हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मंडळी त्यामागे होती. तीनेक वर्षांतच 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांतून टिळकांनी तिथल्या अभ्यासक्रमावर टीका सुरू केली. इंग्रजीचा भडिमार नको, संसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, शाळेचे तास असे ठेवा की मुलीला घरकामाला वेळ मिळेल, असा त्यांचा सूर होता. म्हणजे मुलींना स्वयंपाक शिकवा, हा आग्रह त्या वेळी सुधारकांच्या विरोधी बाजूकडून येत होता. सुधारकांना स्वयंपाकाचं वावडं नव्हतं, पण ज्या मुलीला मोठ्या मिनतवारीने उंबरठ्याबाहेर काढलं तिला बाहेरही पुन्हा चुलीपुढेच बसवायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यामुळे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात उभं केलेलं सेवासदन शिवणाने, रुग्णसेवेने, शिक्षिका घडवण्याने नावारूपाला आलं. स्वयंपाक घरी शिकवायला सासू होतीच.

हे शेवटचं वाक्य सहज लिहिलं जातं, पण त्यात बरंच काही दडलेलं आहे. दहा-अकरा वर्षांची मुलगी सासरी जायची आणि तिचं खरं शिक्षण तिथल्या स्वयंपाकघरात व्हायचं. ते प्रेमाने व्हायचं की जाचाने, हे नशिबावर. आजकाल 'आजीच्या हातची चव' म्हणून जिचं कौतुक होतं ती चव आजीने कुणाची बोलणी खाऊन कमावली, याचा हिशेब कुठल्याच पाकपुस्तकात नाही.

धोंडो केशव कर्व्यांनी या कोंडीतून वेगळी वाट काढली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. तिथे गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय शास्त्र म्हणून शिकवायचे ठरले. घरकामाला अभ्यासाचा दर्जा मिळाला, आणि पुढे 'होम सायन्स' या नावाने तो कायम झाला. कर्व्यांच्याच हिंगण्याच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या. तिथल्या घरांत मोलकरणीचं काम करत त्या इंग्रजी शिकल्या आणि ती सगळी हकीकत त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहिली. एका मराठी विधवेने परदेशातलं स्वयंपाकघर आतून पाहिलं ते असं, भांडी घासता घासता.

त्या अमेरिकेत तोवर स्वयंपाकाचे वर्ग चांगले रुळले होते. लंडनमध्ये १८७३-७४ च्या सुमारास साउथ केन्सिंग्टनला पाककलेची राष्ट्रीय प्रशिक्षण शाळा निघाली होती. बॉस्टन कुकिंग स्कूल १८७९ चं. पॅरिसमध्ये मार्त दिस्तेल नावाच्या बाईंनी आपल्या पाककलेच्या मासिकाच्या वाचकांसाठी १८९५ मध्ये वर्ग सुरू केले, त्यातून 'कॉर्दों ब्ल्यू' ही संस्था उभी राहिली. यातली बॉस्टनची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. फॅनी फार्मर ही तिथलीच विद्यार्थिनी पुढे मुख्याध्यापिका झाली. तरुणपणी अर्धांगवायूने तिचं कॉलेज हुकलं होतं. १८९६ मध्ये तिने पाकपुस्तक लिहिलं, तेव्हा प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च तिलाच सोसावा लागला. पुस्तक अफाट खपलं. तिचा हट्ट एकच होता. चमचा किंवा कप शिगोशीग नको, सुरीच्या पाठीने सपाट करून मोजा. 'चिमूटभर', 'अक्रोडाएवढं लोणी' अशी भाषा तिने वर्गातून हद्दपार केली. वर्गात चाळीस जणी बसल्या की चाळीस चिमटी वेगवेगळ्या होतात, ही तिची अडचण होती.

नेमकी हीच अडचण मराठी स्वयंपाकाला आणखी साठ-सत्तर वर्षांनी आली.

जुन्या घरात मापं दोन प्रकारची होती. धान्य मोजायची लाकडी किंवा पितळी मापं अशी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. वजनाला शेर, पावशेर, नवटाक, छटाक, तोळा. त्यातही गावोगावचा शेर वेगळा. पुण्याहून कोल्हापुरात दिलेली सून पहिल्याच आठवड्यात भात कमी किंवा जास्त शिजवून बसली तर दोष तिचा नसायचा. मापाखेरीज दुसरी गोष्ट म्हणजे हाताचा अंदाज. मीठ बोटांनी, हळद चमच्याच्या टोकाने, पाणी बोटाच्या पेराने. तांदळावर पेरभर पाणी, हे आजही हजारो घरांत चालतं आणि भात चुकत नाही. पण तो अंदाज ज्या भांड्यात आणि ज्या तांदळावर शिकला त्याच भांड्याला आणि त्याच तांदळाला लागू पडतो. भांडं बदललं की पेर खोटं बोलतं.

स्वातंत्र्यानंतर दहा-पंधरा वर्षांत भांडं, माप, चूल, घर सगळंच बदललं. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनमापं लागू व्हायला सुरुवात झाली आणि १९६२ पर्यंत शेर-छटाक कायद्याने बाद झाले. त्याच सुमारास मुंबईत 'बर्शेन' गॅसची टाकी घरोघर दिसायला लागली आणि १९५९ मध्ये हॉकिन्स, प्रेस्टीज यांचे प्रेशर कुकर देशात तयार होऊ लागले. पाटावर बसून चूल फुंकणारी बाई ओट्यापुढे उभी राहिली. आजवर सुनेने सासूच्या शेजारी बसून पातेल्यात डोकावायचं. ओट्यावर एकटीलाच जागा, दुसरी मागे उभी. शिवाय नोकरीनिमित्त भिलाईला, भोपाळला, चेंबूरला बिऱ्हाड थाटलेल्या जोडप्यांच्या घरी सासू नव्हतीच, ती गावी होती. दोन मोऱ्या आणि तीन पिढ्यांच्या घरातून ही सून दोन खोल्यांत आली. तिला पुरण किती वेळ शिजवायचं हे विचारायला पत्राखेरीज साधन नव्हतं.

ही सून डोळ्यांपुढे ठेवून सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी लिहिलं. कुंडलसारख्या गावात जन्म, शिक्षण चौथीपर्यंत, लग्नानंतर सासूच्या हाताखाली स्वयंपाकात तयार झालेल्या कमलाबाईंचं 'रुचिरा' किर्लोस्कर प्रेसने १९७० मध्ये काढलं. त्यातली मापं वाटी आणि चमच्याची होती. बाजारातून किलोने आणलेला जिन्नस वाटीत मोजायचा, एवढा साधा बदल. पण त्यामुळे शेर संपला, किलोचा काटा घरात आला नाही, आणि तरीही पदार्थ जमला. वाटी कुठलीही घ्या, सगळं त्याच वाटीने मोजा, एवढं पाळलं की प्रमाण बिघडत नाही. फॅनी फार्मरने सुरीच्या पाठीने जे साधलं ते इथे आमटीच्या वाटीने साधलं, आणि खरं सांगायचं तर जास्त सोपेपणाने. 'रुचिरा' मुलीच्या रुखवतात ठेवली जाऊ लागली, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी बसू लागली. लक्ष्मीबाई वैद्यांची 'पाकसिद्धी', मंगला बर्व्यांची 'अन्नपूर्णा', जयश्री देशपांड्यांची 'हमखास पाकसिद्धी' अशी पुस्तकं याच लाटेतली. त्यातल्या 'हमखास' या शब्दाला लाखाची किंमत होती, कारण एकट्या सुनेला त्याचीच भूक होती.

आता क्लासांकडे येऊ. साठ ते नव्वदच्या दशकांत दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, पुण्यातली सदाशिव पेठ आणि डेक्कन, सांगली, नाशिक इथे दुपारी दोन ते पाच या वेळात एखाद्या बाईंच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जणी वह्या घेऊन बसलेल्या असत. मंगळवारी 'पंजाबी', बुधवारी 'चायनीज', गुरुवारी 'केक-बिस्किटं', उन्हाळ्यात 'आइस्क्रीम व सरबतं'. बाई करून दाखवणार, बाकीच्या लिहून घेणार, शेवटी कागदी डिशमधून प्रत्येकीला चमचाभर चव. आइस्क्रीमच्या दिवशी 'जीएमएस' आणि 'सीएमसी' नावाच्या दोन पुड्यांचं महत्त्व सांगितलं जाई. त्या दुधात किती, कधी घालायच्या आणि मिश्रण फ्रीजरमधून काढून दुसऱ्यांदा कधी घुसळायचं, हे क्लासचं खरं गुपित. केकसाठी वर काच बसवलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आणि अंड्याला पर्याय म्हणून आटवलेल्या गोड दुधाचा डबा. बिनअंड्याचा केक हा मराठी मध्यमवर्गाने धर्म आणि हौस यांच्यात केलेला तह होता, आणि तो क्लासच्या टेबलावर झाला.

या वर्गांच्या विषयांची यादी नीट वाचली तर त्यात वरण-भात नाही, पुरणपोळी नाही, उकडीचे मोदक नाहीत, भरली वांगी नाहीत. ते शिकायला पैसे मोजणं म्हणजे घरात शिकवणारं कुणी नाही अशी कबुली झाली असती. क्लास शिकवायचा ते घरात कुणालाच येत नव्हतं ते: छोले, पनीर, हक्का नूडल्स, कस्टर्ड, आयसिंग. नवरा ऑफिसच्या पार्टीत खाऊन आला, मुलाने वाढदिवसाला केक मागितला, लग्न ठरलेल्या मुलीला 'वेगळं काही येतं का' असं विचारलं गेलं, की क्लास लागायचा.

यात एक सामाजिक उलथापालथही गुपचूप झाली. जुन्या स्वयंपाकघरात सोवळं होतं. कुणी कुठवर यायचं, कोणत्या दिवशी यायचं नाही, कुणाच्या हातचं चालतं, याचे नियम भिंतीसारखे उभे. क्लासच्या हॉलमध्ये कोकणस्थ, सीकेपी, मराठा, सारस्वत, सोनार, गुजराती अशा सगळ्या एका कढईभोवती गोळा झाल्या आणि एकाच डिशमधून चव घेऊ लागल्या. याचा कुणी ठराव केला नाही, भाषण केलं नाही. अर्थात फी परवडणाऱ्यांपुरतंच हे होतं, गिरणगावातल्या बायकांच्या वाट्याला हा हॉल आला नाही. त्या खानावळी चालवत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवलं तेव्हा त्या बायकांना कुणी स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती. त्यांना कर्ज हवं होतं.

मुंबईतला सर्वांत नावाजलेला घरगुती वर्ग मराठी बाईंचा नव्हता, पण त्या बाई पुण्यात जन्मलेल्या होत्या. तरला दलाल १९६० मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या. पती अमेरिकेत शिकून आलेले, त्यांना तिकडचे पदार्थ हवे असायचे, ते शाकाहारी करून घालता घालता १९६६ पासून घरीच वर्ग सुरू झाले. त्यांच्या वर्गात नंबर लागला की मुलीचं लग्न जमायला मदत होते, अशी ख्याती पसरली. १९७४ मध्ये पहिलं पुस्तक आलं, पुढच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या वर गेली, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीत मिसेस बलबीर सिंग यांनी हेच काम त्यांच्याही आधी, १९५५ पासून, केलं होतं. घरगुती वर्ग चालवणारी बाई ही देशभर एक नवी व्यावसायिक झाली, पण तिच्या धंद्याला दुकानाची पाटी नसायची. जाहिरात म्हणजे वाण्याच्या दुकानात चिकटवलेला कागद.

स्वयंपाकाचं औपचारिक शिक्षण वेगळ्या वाटेने गेलं. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अंधेरीच्या भवन्स कॉलेजच्या आवारात केटरिंग कॉलेज सुरू झालं, तेच पुढे दादरला गेलं. तिथे थंगम फिलिप यांनी दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळलं आणि त्यांचं 'मॉडर्न कुकरी' पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तक राहिलं. तिथून बाहेर पडलेली मुलं पंचतारांकित हॉटेलांत गेली. लग्नाचे आचारी मात्र जुन्याच पद्धतीने तयार होत राहिले: पाणी भरणं, भाज्या चिरणं, मग रश्श्याचं पातेलं, मग जिलबीचा कढईवाला. आचारी बहुतेक पुरुष, आणि त्यांच्यात वही कुणाकडेच नव्हती.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण क्लासना खरी टक्कर दिली ती खासगी वाहिन्यांनी. १९९३ मध्ये संजीव कपूर 'खाना खजाना' घेऊन आले. मराठीत विष्णू मनोहरांची 'मेजवानी' आणि २००७ पासून प्रशांत दामल्यांचा 'आम्ही सारे खवय्ये' हे दुपारी घराघरांत लागू लागले. त्याच काळात अमेरिकेत राहणाऱ्या मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर कृती टाकायला सुरुवात केली. सासू गावी, सून परदेशी, हा प्रश्न 'रुचिरा'ने पुस्तकाने सोडवला होता. तो आता पडद्यावर सुटला, तोही फुकट. आणि हवं तर थांबवून परत पाहता येतं, हे सासूकडून कधीच मिळालं नव्हतं.

मग क्लास बंद पडायला हवे होते. काही पडलेही, विशेषतः 'पंजाबी-चायनीज' वाले, कारण पनीर बटर मसाला आता गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतो. पण उरलेल्यांची यादी उलटी झाली. आज गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत पुणे-मुंबई-ठाण्यात उकडीच्या मोदकांच्या कार्यशाळा भरतात. होळीआधी पुरणपोळीच्या, दिवाळीआधी चकली-अनारशांच्या. जळगाव-धुळ्याकडचे मांडे शिकवणाऱ्या बायकांना शहरात बोलावणी येतात. जे शिकायला पैसे मोजणं पूर्वी नामुष्कीचं होतं तेच आता क्लासचा मुख्य विषय आहे. 'मानसोल्लासा'तला मांडा नऊशे वर्षं घरात टिकला आणि आता फी भरून शिकायची वस्तू झाला.

मांडे शिकवताना वाटी-चमच्याची मात्रा चालत नाही, हेही खरं. गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवतात की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत सरकवत, फिरवत ताणला जातो आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकला जातो. कुठे थांबायचं हे कोपराला कळतं. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा लहानपणापासून ऐकलेल्या शहरी मंडळींना पहिल्या गोळ्याला भोक पडल्यावर त्या कथेतला खरा चमत्कार कोणता, ते उमजतं.

दुसरा बदल येणाऱ्यांचा. पूर्वी क्लासला एकटी बाई यायची, तीही दुपारी, घरच्यांची जेवणं आटोपून. आता शनिवार-रविवारी सकाळी कुटुंबच्या कुटुंब येतं: नवरा, बायको, दहा वर्षांची मुलगी, कधी सासूबाई, कधी माहेरची आई. मुलगे आणि नवरे येतात याचं कारण स्त्रीमुक्ती आहे असं मानायला आवडेल, पण हॉस्टेलमधलं आणि परदेशातलं एकटं राहणं हे कारण जास्त खरं असावं. लॉकडाउनच्या महिन्यांत ज्यांनी पहिल्यांदा पोळी लाटली त्यांतले काही अजून लाटतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही हे चित्र आहे. लंडनचं मंडळ १९३२ चं, न. चिं. केळकरांनी काढलेलं, शिकागोचं १९६९ चं. गणेशोत्सवाच्या आधी मंडळाच्या स्वयंपाकघरात तीन पिढ्या एकत्र मोदक वळतात, आणि मधल्या पिढीला कळ्या पाडता येत नाहीत हे तिथे सर्वांसमोर उघड होतं.

कळ्या पाडणं हेच मोदकाचं खरं अवघड काम. उकड मळून झाली की लिंबाएवढा गोळा हातात घ्यायचा, बोटं पाण्या-तेलात बुडवून त्याची वाटी करायची, कडा पातळ, तळ जरा जाड. मग अंगठा आणि तर्जनीने एकेक चिमूट काढत जायचं, सारण भरायचं आणि मोदक तळहातावर फिरवत सगळ्या कळ्या वर जुळवायच्या. कार्यशाळेत दहा वर्षांची मुलं या कामात बापांपेक्षा सरस ठरतात, त्यांची बोटं बारीक असतात म्हणून. बापांचे मोदक बहुधा लाडवांच्या वळणाला जातात.

आणि मापांचा जुना वाद तिथेही निघतोच. शिकवणारी बाई फळ्यावर लिहून देते: एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर लोणी. पाणी उकळलं की पिठी वैरायची, झाकण ठेवायचं, वाफ आणायची. सगळे लिहून घेतात. तेवढ्यात मागच्या टेबलावरून, सुनेबरोबर आलेल्या एखाद्या सासूबाई विचारतात, "पिठी कुठल्या तांदळाची? आंबेमोहर का? नवा का जुना?" जुना तांदूळ जास्त पाणी ओढतो, नवा चिकट होतो, हे त्यांना माहीत असतं. शिकवणारी सांगते की बाजारातली तयार पिठी आहे, पाकिटावर लिहिलेलं नाही. मग त्या उकडीला हात लावून पाहतात, "अजून दोन चमचे पाणी लागेल" म्हणतात, आणि सून वहीत 'एक वाटी' खोडून 'एक वाटी व दोन चमचे' असं लिहिते. शेजारच्या टेबलावरचे बाप पाणी घालू की नको, म्हणून एकमेकांकडे बघत असतात.